नाण्याला कडी लावण्याआधी



चवथ जवळ आली की घरातल्या पेट्या उघडतात. पुतळ्यांची माळ, रुपयांचा हार आणि तळाशी फडक्यात बांधलेली दोन-चार सुटी नाणी बाहेर येतात. घरात लग्न ठरलेले असले तर ती सुटी नाणी कडी डाखून घेण्यासाठी सोनाराकडे जातात. आज आम्ही त्या कडीविषयीच बोलणार आहोत.

पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. पण सीमेपलीकडची सोयरीक आणि बाजारहाट चालूच राहिला. म्हणून एकाच पेटीत राणी व्हिक्टोरियाचा रुपया आणि पोर्तुगालचा राजा लुईश याचा 1881 किंवा 1882 सालचा रुपिया सापडू शकतो. दोघांचेही वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. सोनाराच्या काट्यावर दोन्ही सारखेच. संग्राहक मात्र साल पाहतो, टांकसाळ पाहतो आणि छाप किती शाबूत आहे ते पाहतो.

कडी डाखताना नाणे तापते, काठावर डाख पसरतो आणि नंतरच्या पॉलिशमध्ये छापाचे उंचवटे झिजतात. भोक पाडले तर अक्षरेही जातात. पुढे कडी काढली तरी खूण राहते आणि पारखी माणूस ती लगेच ओळखतो. नेहमी मिळणाऱ्या, झिजलेल्या रुपयाचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याची किंमत चांदीच्या आसपासच असते. दुर्मीळ किंवा न झिजलेल्या नाण्याची मात्र चांदीवरची बरीचशी किंमत एका दुपारी जाते.

प्रश्न पैशांपुरताच नाही. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. तोच देव आज डिचोली तालुक्यात नार्वे येथे आहे. तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 साली पुन्हा बांधवले. अशा नाण्यावरचे एकेक अक्षर म्हणजे पुरावा. तो कानशीखाली गेला की परत येत नाही.

मग आजीची पुतळ्यांची माळ चुकीची का? मुळीच नाही. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावरच्या मानवी आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या चकत्या घडवल्या. त्या जन्मापासूनच दागिना आहेत. कडीने त्यांचे काही उणे होत नाही. खरी जुनी नाणी ओवलेली माळ असली, तरी ती आता घराण्याचा दागिना आहे. नाणी मोकळी करून विकू म्हटले तर नाण्याची किंमत येत नाही आणि माळही मोडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. माळ आहे तशी ठेवा. सुटे नाणे चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. आधी जाणकाराला दाखवा. हार करायचाच असेल तर सोनाराकडून नव्या चकत्या पाडून घ्या. नाणेच घालायचे असेल तर डाख न लावता भोवती बसणारे कडे करून घ्या. त्यातही नाणे थोडे झिजते, हे लक्षात ठेवा. आणि नाणे कोणाकडून, कधी घरात आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा. ती माहिती कोणत्याही सोनाराकडे मिळणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!