श्वासातील औषधाचा मार्ग

गोंदिया हा धानाचा जिल्हा. राइस मिलमधील धूळ व चुलीचा धूर येथील दमेकऱ्यांस नित्याचा आहे. त्यांच्या हाती इनहेलर येतो. परंतु फवारलेले सारेच औषध फुप्फुसात पोहोचत नाही. पाच मायक्रॉनहून मोठे कण बहुधा घशातच अडकतात. त्यापुढे श्वासनलिकेस सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. ही रचना वाइबेल यांनी १९६३ साली मांडली. छातीत डोकावणे सोपे नाही, म्हणून संगणक या नळ्यांची प्रतिकृती रचतो, हवेच्या प्रवाहाचे गणित सोडवितो व कण कोठे बसेल ते दाखवितो. वेगाने ओढलेला फवारा वळणावर आदळतो, असे त्यात दिसते. यास्तव फवाऱ्याबरोबरच सावकाश श्वास घ्यावा व दहा सेकंद रोखावा. मुलांना हे साधत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर लावावा, मोठे कण त्यातच राहतात.