रुळाच्या जोडातली फट

आपल्या बुटीबोरीवरून गाड्या सुसाट जातात. त्या मोठ्या लाइनचे रूळ वेल्डिंग करून लांबच लांब केलेले. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीचं तसं नाही. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट. घाटात वळणंच वळणं, म्हणून रुळांचे तुकडे पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडायची जुनी पद्धत. प्रत्येक जोडात थोडी फट मुद्दाम ठेवतात. उन्हात लोखंड वाढतं. फट नसेल तर रूळ वाकतो. बोल्ट ढिले झाले का, हे माणसं पायी चालत बघतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईचे दोन हप्ते चुकले. नियमाप्रमाणे आम्ही दंड लावला. घरी नवरा आजारी आहे, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही. तिने येणं सोडलं. परत यायला सहा महिने लागले.

आता आम्ही दंडाआधी घरी जाऊन येतो, अडचण असली तर महिनाभर थांबतो. नियम घट्टच हवेत, पण जोडात फट हवी. तुमच्या गटात दोन बैठकांना कोण आली नाही? आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन या.