विजेत्याच्या खालची नावं



२००३ सालच्या मे महिन्यात लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या जुन्या कॅसिनोत ८३९ माणसं पोकरच्या जागतिक मालिकेतली मुख्य स्पर्धा खेळायला बसली. प्रवेश फी १०,००० डॉलर. प्रत्येकाला तेवढ्याच, म्हणजे १०,००० चिप्स मिळाल्या. त्या संपल्या की माणूस उठून जाणार. खिशात कितीही पैसा असला तरी नव्या चिप्स घेता येत नाहीत. म्हणजे शेवटी ८३ लाख ९० हजार चिप्स एकाच माणसासमोर येणार आणि बाकीचे ८३८ जण बाद होणार.

तो एक माणूस ठरला ख्रिस मनीमेकर. टेनेसी राज्यातला सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस. इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता स्पर्धेतून आलेला हा हौशी खेळाडू २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याची गोष्ट जगभर सांगितली गेली, आणि तो मान त्याचा आहेच. मला आज बोलायचंय ते त्याच्या खालच्या नावांबद्दल, या खेळावरच ज्यांचं पोट चालतं त्यांच्याबद्दल.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यालाच ठाऊक. मग मधे पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन एकदम, नंतर एक, शेवटी आणखी एक. सातांतले उत्तम पाच धरायचे. प्रत्येक टप्प्यावर बोली. रमी-तीन पत्तीत मुरलेल्या आपल्या मंडळींना हे समजायला जड नाही.

फिल आयव्ही हा तेव्हाचा तरुण व्यावसायिक खेळाडू. आदल्याच वर्षी त्याने या मालिकेतल्या तीन स्पर्धा जिंकल्या होत्या. २००३ मध्ये दहा खेळाडू उरले, आणि अंतिम टेबलावर जागा नऊच. आयव्हीच्या हातात नव्व्यांची जोडी, मनीमेकरकडे एक्का आणि राणी. मधे पडल्या दोन राण्या आणि एक छक्की. मनीमेकर पुढे गेला. चौथा पत्ता आला नव्वी, आणि आयव्हीचं फुल हाउस झालं, म्हणजे तीन नव्व्या आणि दोन राण्या. सगळ्या चिप्स मधे गेल्या. आता न दिसलेले पत्ते ४४. त्यांतले मनीमेकरला वाचवणारे फक्त सात: तीन एक्के, तीन छक्क्या आणि उरलेली एक राणी. शंभरात सोळा, एवढीच आशा. पाचवा पत्ता पडला, एक्का. आयव्ही दहावा.

या डावात आयव्हीने काय चुकवलं? काहीच नाही. शंभरातले चौऱ्याऐंशी त्याच्या बाजूला होते. पण हिशेब पुढे करून पाहा. जिथे शंभरात ऐंशी वेळा आपण जिंकू, अशाच वेळी सगळ्या चिप्स लावायच्या असं ठरवलं, आणि अशी वेळ पाच वेळा आली, तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता तेहतीस टक्क्यांच्या आतच राहते. उत्तम खेळणाऱ्याचंही मोठ्या स्पर्धेतलं नशीब असं असतं. म्हणून मला वाटतं, एका वर्षाच्या विजेत्यावरून या खेळातलं कौशल्य जोखू नये. ते दिसतं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या नावांमध्ये.

दैवच सगळं ठरवतं असंही नाही. शेवटच्या दोघांच्या झुंजीत मनीमेकरने हातात काही जमलेलं नसताना सगळ्या चिप्स लावून थाप मारली, आणि समोरच्या मुरब्बी सॅमी फरहाने नव्व्यांची जोडी असूनही पत्ते टाकले. ते धैर्य होतं. आपल्याला ते पाहता आलं हेन्री ओरेनस्टाइन यांच्यामुळे. पोलंडमध्ये जन्मलेला, नाझी छळछावण्यांतून वाचलेला आणि अमेरिकेत खेळणी बनवून नावारूपाला आलेला हा माणूस. झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणारा कॅमेरा ही कल्पना त्यांची. त्याआधी पोकर बघणं म्हणजे गप्प बसलेल्या माणसांचे चेहरे बघणं होतं.

आता ज्या नावासाठी मी इथे आलो, ते नाव: डॅन हॅरिंग्टन. २००३ मध्ये तिसरा. हिरवी टोपी घातलेला, साठीकडे झुकलेला, शांत माणूस. तरुणपणी मॅसॅच्युसेट्स राज्याचा बुद्धिबळ विजेता, बॅकगॅमन या फाशांच्या खेळात तरबेज, व्यवसायाने काही काळ वकील. १९९५ साली त्याने हीच मुख्य स्पर्धा जिंकली होती. तेव्हा खेळाडू होते २७३.

हॅरिंग्टनने पुढे पुस्तकांतून एक साधं गणित लोकांपुढे ठेवलं. बॅकगॅमनचे उस्ताद पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून त्याला ‘एम’ म्हणतात. आपल्यासमोरच्या चिप्सना एका फेरीत सक्तीने भराव्या लागणाऱ्या रकमेने भागायचं. समजा तुमच्याकडे ४८,००० चिप्स आहेत आणि फेरीला ४,८०० जातात. एम झाला दहा. काहीही न खेळता तुम्ही दहा फेऱ्या टिकाल. ही सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे सकाळी श्रीमंत असलेला खेळाडू एकही डाव न हरता संध्याकाळी कंगाल होऊ शकतो. एम वीसच्या वर असेल तर सवडीने खेळा, पाचावर आला तर पहिल्या बऱ्या पत्त्यांवर सगळं लावा. एखाद्या खेळाडूची स्पर्धा तुम्हाला मनापासून बघायची असेल तर त्याच्या चिप्सचा ढीग पाहू नका, हा आकडा मनात करत राहा. मग तो पत्ते का टाकतोय, का थांबलाय, अचानक का उसळला, ते कळायला लागतं. मला तरी या खेळाची गोडी तिथूनच लागली.

मनीमेकरला पाहून पुढच्या वर्षी जग लोटलं. २००४ मध्ये खेळाडू झाले २,५७६, तिपटीहून जास्त. जिंकला ग्रेग रेमर, ५० लाख डॉलर. आणि चौथा कोण? डॅन हॅरिंग्टन. ८३९ मधून तिसरा, लगोलग २,५७६ मधून चौथा. या स्पर्धेच्या इतिहासात मला याहून मोठा पराक्रम दिसत नाही. त्या दोन्ही वर्षांच्या विजेत्यांत त्याचं नाव नाही, तरी.

आयव्ही पुन्हा आला २००९ मध्ये. या वेळी ६,४९४ खेळाडूंमधून तो अंतिम टेबलावर पोहोचला. मधे चार महिने थांबून नोव्हेंबरात शेवटचा खेळ झाला. नऊ जणांतला तो सर्वांत नामवंत. त्याच्या हातात एक्का-राजा आला, समोर डार्विन मून या मेरीलंडच्या लाकूडतोड्याकडे एक्का-राणी. आयव्ही पुढे होता. मधले पत्ते उघडले आणि त्यांत राणी निघाली. सहा वर्षांपूर्वी ज्या दोन पत्त्यांनी त्याला बाहेर काढलं, त्याच दोन पत्त्यांनी पुन्हा. आयव्ही सातवा. जिंकला जो काडा, वय एकवीस.

२०२४ साली आयव्हीने या मालिकेतली आपली अकरावी स्पर्धा जिंकली. मुख्य स्पर्धा त्यांत अजून नाही.