फोन पालथा पडतो तेव्हा
लिंबागणेशसारख्या गावात दिवे मालवल्यावर खाटेवर मोबाइलचा उजेड दिसतो; बायको जवळ आली की फोन पालथा. तिच्या मनात पाल चुकचुकते. दुसरी बाई असेलही. पण सावकाराचा तगादा किंवा रमीत घालवलेली ऊसतोडीची उचलही माणूस अशीच लपवतो. चोरून फोन उघडण्याआधी "हल्ली तुम्ही गप्प असता, मला भीती वाटते," एवढं म्हणून बघा. आणि खरंच दुसरी बाई निघाली तर? व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. व्यभिचार आता गुन्हा नाही, मात्र घटस्फोटाचं कारण आजही आहे. नवऱ्यानं संशयावरून हात उगारला, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. बायांनो, मदतीसाठी १८१ वर फोन लावा.