'घरी अभ्यास घेत नाही का?'

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाया मारहाणीबद्दल बोलतात, पोटगीबद्दल बोलतात. मुलाच्या वाचनाबद्दल बोलायला सहसा कुणी येत नाही. पण भांडण कशावरून पेटलं असं खोदून विचारलं, की कितीदा तरी प्रगतिपुस्तक निघतं. शाळेनं बाईला बोलावलं, 'घरी अभ्यास घेत नाही का?' असं विचारलं. संध्याकाळी नवऱ्यानं तेच विचारलं. सासू म्हणाली, 'आईवर गेलाय.' बापाला शाळेत बोलावल्याचं मी माझ्या कामात फारच थोड्या वेळा पाहिलंय.

यातल्या काही मुलांना डिसलेक्सिया असतो. मूल बोलण्यात हुशार असतं, दुकानातला हिशेब तोंडी करतं, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतं. पण तेच पुस्तकातून वाचायला दिलं की अडखळतं. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणं आणि ते अक्षराशी जोडणं मेंदूला जड जातं. हे बऱ्याचदा अनुवंशानं येतं, मग ते आईकडून असो की बापाकडून. आळसाशी, लाडाशी किंवा आई कामाला जाते याच्याशी त्याचा संबंध नाही. टॉनिकनं ते जात नाही आणि मारानं तर नाहीच. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्यावेत.

आता मुलींचं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. शाळांनी वाचनदोषासाठी निवडलेल्यांत मुलगे खूप जास्त होते. पण संशोधकांनी स्वतः सगळ्यांची चाचणी घेतली तेव्हा मुलगे-मुलींच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नंतरच्या अभ्यासांत मुलगे थोडे जास्त आढळले आहेत, पण शाळांच्या यादीत दिसतात तितके नाहीत. कारण आपल्याला अनोळखी नाही. मुलगा दंगा करतो म्हणून दिसतो. मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते, मैत्रिणीच्या वहीतून सुबक अक्षरात उतरवून काढते आणि पास होते. आमच्या वस्तीतली एक मुलगी अशीच आठवीपर्यंत आली आणि नववीत नापास झाली. 'हिला डोकंच नाही, घरकामात बरी आहे,' असं म्हणून घरच्यांनी शाळा थांबवली. चार महिन्यांत स्थळं पाहायला सुरुवात झाली. बालविवाहाविरुद्ध आपण मोर्चे काढतो. त्यातली काही लग्नं पहिली-दुसरीच्या वर्गातच ठरायला लागलेली असतात, असं माझं मत झालंय.

मदत कशी करायची, ते आता सविस्तर सांगते, कारण इथेच आपण कमी पडतो. पहिली गोष्ट, आईला वाचता येत नसलं तरी अडत नाही. सुरुवात कानापासून होते. भाकऱ्या थापताना विचारायचं, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल? 'मळ'. 'ताट'मधला पहिला आवाज कोणता? भेंड्या खेळायच्या. हे रोज दहा मिनिटं करायचं.

मग अक्षरं. परातीत रवा किंवा रांगोळी पसरायची, बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. डोळा, कान, हात तिन्ही एकदम कामाला लागतात. सारखी दिसणारी अक्षरं, म्हणजे घ-ध, भ-म, ब-व, एकाच दिवशी शिकवायची नाहीत. एक पक्कं झालं की दुसरं. आपल्या लिपीत आणखी एक मेख आहे. 'कि' म्हणताना आधी क येतो, पण वेलांटी लिहिली जाते क च्या आधी. रफार 'सूर्य'मध्ये य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो य च्या आधी. आपल्याला ते अंगवळणी पडलेलं असतं. या मुलाला मात्र कुणीतरी ते उघड करून दाखवावं लागतं. म्हणून क आधी लिहू द्या, डावीकडे जागा ठेवा, वेलांटी मागाहून. जोडाक्षरं फोडून दाखवा.

ऱ्हस्व-दीर्घाचं थोडं वेगळं. मराठी बोलताना आपल्या कानाला तो फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे 'नीट ऐकून लिही' हा सल्ला निरुपयोगी आहे. नियमच सांगावा लागतो, तोही एका वेळी एक. शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी: कवी, पाटी, बाई. मग दूध पण दुधात, फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला. अशा जोड्या करून घ्या. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायची शिक्षा बंद करा. मूल तो विसाव्यांदाही चुकीचाच लिहितं आणि हात दुखतो तो वेगळाच.

वाचन जोडीनं करा. मोठी बहीण किंवा शेजारची ताई आणि मूल एकाच वेळी मोठ्यानं वाचतात, बोट शब्दाखाली. धडा सोपा हवा, खालच्या इयत्तेचा असला तरी चालेल. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये, हे गुरुजींना-बाईंना आपण जाऊन सांगायला हवं. आणि हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात घालू नका. बापानं रोज पंधरा मिनिटं बसावं. त्याला स्वतःला वाचताना त्रास होत असेल तर त्यानं मुलाला तसं सांगावं. मुलाला त्यानं फार बरं वाटतं.

शेवटी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 दिव्यांगत्वं आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 प्रमाणे ती लवकर ओळखणं आणि शिकवण्यात योग्य उपाय करणं ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे. ठरावीक सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन दाखला मिळतो. त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'मुलीला असा दाखला काढला तर लग्न कसं जमेल?' हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. त्या बाईवर चिडू नका. तिच्याबरोबर शाळेत जा, तपासणीसाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, अर्जावर मुलीच्या बापाचीही सही घ्या, आणि तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.