आभासी जगांतील उमेदवारी

शाळेंत पाटीवर गणित चुकलें तर मूल तें पुसून पुन्हां मांडतें. त्या चुकीचा दंड त्याला भरावा लागत नाहीं. परंतु पोटापाण्याच्या उद्योगाकरितां माणूस परक्याच्या दारांत उभा राहतो, तेव्हां त्याच्या हातीं पाटी नसते. मुलाखतींत शब्द अडखळला कीं संधि गेली! अपंग उमेदवाराला तर असे प्रसंग मुळांतच थोडे लाभतात. म्हणून चुकण्याची मोकळीक देणाऱ्या एका साधनाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हें साधन म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र चढविलें कीं मान वळेल तसें दृश्य वळतें आणि मनुष्य जागच्या जागीं कारखान्यांत किंवा दुकानांत वावरूं लागतो. डोक्यावर चढविण्याचें असें यंत्र आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं करून दाखविलें. मूळ कल्पना त्याहूनहि जुनी आहे. एडविन लिंक यांनीं १९२९ सालीं अमेरिकेंत जमिनीवरच विमान हांकण्याचा सराव देणारें यंत्र बनविलें. तेथें वैमानिकाची चूक त्याच्या जिवावर बेतत नसे.

त्याच तत्त्वाचा एक प्रयोग अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत स्वमग्नता असलेले २६ प्रौढ होते. अशा माणसांपैकीं कित्येकजण काम चोख करतात; परंतु समोरच्याचा चेहरा वाचणें किंवा आडवळणाचा प्रश्न उमगणें त्यांस अनेकदां जड जातें. येथें चष्मा नव्हता, संगणकाचा पडदाच होता. त्यावर मॉली पोर्टर नांवाची काल्पनिक अधिकारी बाई प्रश्न विचारी, आणि उत्तर जसें येईल तसा तिचा नूर बदले. मुलाखत संपल्यावर कोठें चुकलें तें उमेदवारास पाहतां येई, आणि तो पुन्हां आरंभ करी. सुमारें दहा तासांच्या अशा सरावानें त्यांच्या मुलाखती सुधारल्या. पुढील सहा महिन्यांत काम मिळण्याचें प्रमाणहि सराव केलेल्यांत अधिक आढळलें. संख्या लहान, म्हणून यावरून मोठा सिद्धान्त बांधूं नये. परंतु दिशा आशा वाटावी अशी आहे.

तथापि या यंत्राला मर्यादा आहेत. चष्म्यानें कित्येकांना घेरी येते. केवळ दृश्यावर विसंबणारा सराव अंधांच्या उपयोगाचा नाहीं. शिवाय सगळी तयारी उमेदवारानेंच करावी हा न्याय नव्हे. आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, आणि सरकारी कचेऱ्यांनीं कामाच्या जागीं वाजवी सोय करून द्यावी असेंहि सांगितलें आहे. चाकाच्या खुर्चीवरील उमेदवारानें आभासांत कचेरीचा फेरफटका अवश्य करावा. परंतु त्यांत जेथें पायरी आडवी आली, तेथें त्याच्या येण्यापूर्वी खराखुरा उतार बांधणें हें कचेरीच्या चालकांचें काम आहे.