गळती शोधायची ती उन्हाळ्यात



वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे धरणांचे साठे तळाला जाण्याचेही दिवस असतात. पाणीकपातीची चर्चा घरोघर चालते. गळतीची चर्चा मात्र पाणी रस्त्यावर आल्याशिवाय होत नाही. जी गळती रस्त्यावर कधी दिसतच नाही, तिच्याविषयी आज मला बोलायचे आहे.

मुंबईला विहारचे पाणी १८६० मध्ये मिळाले, तानसाचे १८९२ मध्ये. तेव्हापासून शहराच्या पोटात नळ पडत गेले. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. ते चालू असते तोवर फुटक्या जागेतून बाहेर झिरपते. चावी बंद झाली की वाहिनीतला दाब उतरतो आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी पहिल्या धारेबरोबर ते आपल्या घरात येते. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड यांची वाट ही अशी असते. म्हणून गळती हा केवळ नासाडीचा प्रश्न नाही, आरोग्याचाही आहे.

गळती शोधण्याची जुनी रीत ऐकण्याची. रात्री वर्दळ थांबली की कर्मचारी साउंडिंग रॉड जमिनीला टेकवून कान लावतात. अनुभवी कानाला लोखंडी नळातली गळती बरोबर कळते. पण प्लॅस्टिकच्या नळात आवाज लवकर विरतो, आणि पाणीपुरवठा बंद असला तर ऐकायला काही उरतच नाही.

भूभेदी रडार इथे उपयोगी पडते, कारण ते आवाज ऐकत नाही, माती तपासते. चाकांवरचे हे यंत्र रस्त्यावरून ढकलत नेतात. त्यातून रेडिओलहरींचे सूक्ष्म ठोके जमिनीत जातात आणि वेगळा पदार्थ लागला की काही अंशी परततात. नळावरून आडवे गेले की पडद्यावर पालथ्या वाटीसारखी कमान उमटते. नळ प्लॅस्टिकचा असला तरीही ती दिसू शकते.

आता गळती कशी ओळखायची? कोरड्या वाळूसारख्या मातीत ही लहर एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर जाते, पाण्याने भिजलेल्या मातीत जेमतेम ६. समजा, नळ १ मीटर खोल आहे आणि त्याच्यावरची ३० सेंटिमीटर माती गळतीने भिजली आहे. लहर तेवढ्या टप्प्यात रेंगाळते, उशिरा परतते आणि पडद्यावर नळ जवळजवळ दीड मीटरवर गेल्यासारखा दिसतो. सरळ टाकलेली वाहिनी मध्येच खाली वाकलेली दिसली की तिथे शंका घ्यावी. पाण्याने माती वाहून गेली असेल, तर पोकळीचीही खूण उमटते. वाहनाखाली रस्ता खचण्याआधी ती कळणे फार मोलाचे. ओल टिकून असते, त्यामुळे हे सारे पाणीपुरवठा बंद असतानाही तपासता येते.

मात्र प्रत्येक जमीन रडारला साथ देत नाही. मुरुमात ते चांगले चालते. आपली काळी चिकणमाती ओली असली की लहर गिळून टाकते. खाडीकाठच्या खारट भरावातही तेच. लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटखालचे वाचणे अवघड जाते. शिवाय ओल सांडपाण्याची आहे की पिण्याच्या पाण्याची, हे रडार सांगत नाही. म्हणून आधी रडारने जागा हेरावी, मग पाणी चालू असताना रॉडने ऐकावे, आणि दोघांचे जुळले तरच खड्डा घ्यावा. अंदाजाने चार खड्डे घेण्यापेक्षा हे स्वस्तही पडते.

श्रोतेहो, पावसाळ्यात सगळीच जमीन ओली होते आणि गळतीची ओल तिच्यात हरवते. कोरड्या जमिनीत ती उठून दिसते. तेव्हा आपण नागरिकांनी आपापल्या पालिकेकडे दोन मागण्या लावून धराव्यात. जिथून गढूळ पाण्याच्या तक्रारी येतात, त्या वस्त्यांची तपासणी दर उन्हाळ्यात, पावसाआधी व्हावी. आणि रस्ता काँक्रीटचा करण्याआधी त्याखालच्या वाहिन्या रडारने तपासून नकाशावर नोंदवाव्यात. एकदा काँक्रीट पडले की तीच गळती शोधायला नवा रस्ता फोडावा लागतो, आणि तोवर ते पाणी कुणाच्या तरी घरी प्यायले जात असते.